शेळीच्या पैशात आठवी

रविवार, १४ मे १९७२

टक्. टक्-टक्. टक्. टेबलावर गुरुजींचा रूळ पडायचा आणि त्याच्यामागून आम्हा पोरांचा आवाज वर चढायचा. लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात! कौलांवरची कबुतरं उडायची, शेजारच्या चावडीतले लोक बोलायचे थांबायचे. मराठी पाचवीच्या वर्गातला तो आवाज आज दुपारी ओट्यावर पडलो असता पुन्हा ऐकू आला. इतका स्पष्ट की मी उठून बसलो.

पाहतो तर चांगुणा, माझी सून, दारात बसून खडी फोडायच्या हातोडीचा दांडा पाचर मारून घट्ट करत होती. टक्. टक्-टक्.

"आबा, जागे झाला का? बोलायचं हाय."

"बोल की."

"शेळी इकली."

"कधी?"

"सकाळी. तुमी लिंबाखाली काहीतरी गुणगुणत बसला हुता तवा."

तिने पदराची गाठ सोडून पैसे माझ्या पुढ्यात ठेवले. विजू, म्हणजे माझी नात विजयमाला, सातवीत पहिली आली. आमच्या गावची शाळा सातवीत संपते. आठवीला सोनईच्या हायस्कुलात चालत जायचं. फी माफ आहे, पण पुस्तकं, वह्या, गणवेश कोण माफ करणार? मुलगा कानिफनाथ पुण्याला भवानी पेठेत हमालीला गेला आहे. त्याचा निरोप येतो, पैसे येत नाहीत.

चांगुणा म्हणाली, "ह्यात समदं बसवा. बसलं तर पोरगी आठवीला. न्हाई बसलं तर माझ्यासंगं दुष्काळी कामावर, खडी फोडायला. मुकादम नावं घेतोय. मीच बाजार केला आस्ता, पर खाडा पडला की मजुरी जाती, आन् मला कुठं वाचता येतंय? तुमी शिकलेले. दुसरी शेळी न्हाई मागं, येवढं ध्यानात ठेवा."

मी म्हणालो, "काळजी करू नकोस." कारखान्याच्या काट्यावर जन्मभर ऊस तोलला आहे मी. एवढा बाजार जमणार नाही?

गुरुवार, १८ मे

आज मोठं काम फत्ते.

आमच्याकडे नवी कोरी पुस्तकं घेणारे म्हणजे पाटील नाहीतर डॉक्टर. बाकीच्यांनी रामनवमीच्या आसपास वरच्या वर्गातल्या पोराची पुस्तकं 'धरून ठेवायची', ही रीत. निकाल लागला की पहिल्या पानावरचं त्याचं नाव खोडायचं आणि खाली आपलं लिहायचं. एकेका पुस्तकावर चार-चार पोरांची वंशावळ असते. पहिल्याला पुरी किंमत, दुसऱ्याला निम्मी, तिसऱ्याला पावली, चौथ्याला नुसता आशीर्वाद. मी तर रामनवमीला काहीच धरून ठेवलं नव्हतं, म्हणून मनात धाकधूक होती. पण वरच्या आळीतल्या गोजरबाईकडे गेलो तर तिच्या पोराचा, श्रीमंताचा, आठवीचा सबंध संच तसाच फळीवर! कुणी धरलाच नव्हता. याला म्हणतात योग.

गोजरबाई म्हणाली, "न्या आबा. काय द्याल ते द्या. श्रीमंत म्हनत हुता, आता ह्याला कोन इचारतंय. पर त्याला काय अक्कल?"

"खरंय," मी म्हणालो.

मराठीचं पुस्तक सहज उघडलं आणि थबकलो. माझी कविता! तीच, रुळाच्या ठेक्यावरची. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच वर्गाच्या पुस्तकात, वाट पाहत बसल्यासारखी.

नदीच्या तिरी एकटा वृक्ष राहे
उन्हाने जळे, सावली देत आहे
न मागे कुणाला, न बोले कुणाशी
तरी पाखरे येति त्याच्याच पाशी

तिथेच चुलीपुढे उभा राहून मोठ्याने म्हटली. गोजरबाई पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. मग मी बाकीची पुस्तकं उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. भूगोल, गणित पाहायचं काय असतं? तिची चूल थंड होती, फडताळात डबे उघडेच होते. अशा घरात त्या कवितेपुढे घासाघीस करणं बरं दिसेना. सरळ निम्मी किंमत मोजली. ती "येवढे?" म्हणाली आणि पैसे पदराच्या गाठीला बांधले.

पुस्तकं डोक्यावर घेऊन आलो. या वयात!

सोमवार, २२ मे

वह्या झाल्या. विजूच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढली, चावडीवरून पाठकोरे कागद मागून आणले, दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवले. वर सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर. खळ लावायला पीठ मागितलं तर चांगुणा नुसती पाहत राहिली. मग बाभळीचा डिंक वापरला.

विजू सुई ओवून देत होती. म्हणाली, "आबा, नाक्यावर पोरं म्हणत होती, यंदा आठवीचं समदंच नवं हाय."

"चांगलं आहे की. नवे बाक आले असतील."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. या पोरीचे डोळे माझ्या आईसारखे आहेत. मग म्हणाली, "व्हय, तसंच आसंल," आणि दोरा दाताने तोडला.

चांगुणा आज जेवली नाही. सोमवार धरलाय म्हणाली. कष्टकरी बाई, तरी देवाचं करते.

शनिवार, २७ मे

आज घरात महाभारत झालं.

गणवेश म्हणजे पांढरं पोलकं, निळा परकर. पोलक्यासाठी माझं दुसरं धोतर फाडलं. एक अंगावर, एक दांडीवर असा थाट होता. आता दांडी रिकामी. पण कापड चांगलं, गिरणीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. परकरासाठी चांगुणाच्या जुन्या लुगड्याचा धडसा भाग काढला आणि सोनईच्या बाजारातून निळ्या रंगाची पुडी आणून हंड्यात कालवला. कापडाच्या दुकानात जे पडलं असतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात गणवेश! मी हंड्यापाशी बसून काठीने ढवळत होतो आणि कविता म्हणत होतो, तेवढ्यात चांगुणा कामावरून आली.

"आबा! ह्ये काय?"

"परकर."

"पानी कुठलं घेतलं?"

"हंड्यातलं."

तिने टोपली तिथेच आपटली. "हिरीच्या तळातल्या झऱ्याला वाटी वाटी करून भरलं हुतं मी! सकाळी चांदणी बघून गेल्ते. आन् तुमी त्यात लुगडं रंगिवलं? आता काय, निळं पानी प्यायचं समद्यांनी? किस्नदेव व्हायचं?"

मला हसू आलं, ते चुकलंच. ती आत गेली ती बाहेर आली नाही.

पाणी खारं, त्यामुळे रंग सारखा बसला नाही. परकरावर ढग आल्यासारखे डाग आहेत. आभाळात नाहीत ते परकरावर तरी आले, असं विजूला म्हटलं. ती हसली.

चांगुणा आज शनिवारही करते म्हणाली. मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, २ जून

विजूला आता सगळी कविता पाठ आहे. काय गळा आहे पोरीचा! मी रुळाऐवजी काठी आपटतो आणि ती म्हणते. बाकीची पुस्तकं मात्र ती उघडत नाही. तशीच बांधून ठेवली आहेत. मी म्हटलं, गणित जरा पाहून ठेव. तर म्हणाली, "शाळा सुरू झाल्यावर बघू की, आबा."

दुपारी ती एका लहान हातोडीच्या दांड्याला चिंध्या गुंडाळत बसली होती. आईसाठी असेल. आईच्या हाताला मोठे फोड आहेत, पोरीला कळवळा आहे. पण मुठीला लहानच वाटली मला हातोडी.

गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "आबा, ठेका धरून मारलं तर हात कमी दुखतो का?"

मी म्हणालो, "अगं, तालात केलं की कुठलंही काम हलकं होतं. मोटेवरचे लोक उगाच गातात का?"

"मंग बरं," ती म्हणाली.

मंगळवार, ६ जून

आभाळ कोरडं. चांगुणाचा आज मंगळवार. आता मला देवीचा राग येऊ लागला आहे. एवढे उपास मागते तर एखादा ढग तरी धाडावा. मी माझी अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली तर म्हणाली, "तुमी खा, मला चालत न्हाई." विजूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपलीही अर्धीच ठेवली. घरात सगळेच सोवळे झाले आहेत.

सोमवार, १२ जून

हे लिहावंसं वाटत नाही. पण लिहिल्याशिवाय छातीतला दगड हलायचा नाही.

पहाटेच निघालो. विजूच्या अंगावर पांढरं पोलकं, ढगांचा परकर, वेणीला चिंधीची फीत. पुस्तकांचं गाठोडं मी घेतलं. वाटेत दोघांनी कविता म्हटली. हायस्कुलाच्या व्हरांड्यात बसून पुन्हा एकदा म्हटली, अगदी मोठ्याने. मला कुठला संकोच? दाखला दिला, नाव पटावर चढलं. विजयमाला कानिफनाथ. माझ्या घराण्यात आठवीच्या पटावर पहिलं नाव, तेही मुलीचं.

मग वर्गाच्या दारात एक बाई उभी होती. कोवळी आहे, नगरकडची असावी, मनगटावर घड्याळ. म्हणाली, "पुस्तकं आणलीत? बघू."

मी गाठोडं सोडलं. तिने दोन पुस्तकं उलटून पाहिली. मी म्हटलं, "संच पुरा आहे, बाई."

"आजोबा, ही चालायची नाहीत. यंदापासून आठवीचा अभ्यासक्रम बदलला. सगळीच पुस्तकं नवी. गणित तर पार वेगळं."

"मराठी?"

"मराठीही."

"पण ही कविता..."

"नाही ना त्यात. ही आता रद्दीच समजा."

रद्दी. हा शब्द तिने सहज उच्चारला, वाईट बोलायचं म्हणून नव्हे. नव्या संचाची किंमत तिने सांगितली. शेळीच्या पैशातले माझ्या कनवटीला जे उरले होते, त्यात गणितसुद्धा आलं नसतं. मी विजूकडे वळलो. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. एवढं मला दिसलं, आणि त्याचा अर्थ लावायची हिंमत होईना.

परत येताना गाठोडं तिने घेतलं. कविता कुणी म्हटली नाही.

मंगळवार, १३ जून

काल संध्याकाळी चांगुणाला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. त्या निळ्या पाण्याच्या दिवसासारखी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चुलीपुढे बसली होती, तशीच बसून राहिली. मग म्हणाली,

"आबा, जनमभर दुसऱ्याचा ऊस तोलला तुमी. येवढी पुस्तकं तोलता न्हाई आली?"

विजू म्हणाली, "आई, आबाला कसं ठावं आसंल?"

"तुला ठावं हुतं का?"

विजू काडीने चुलीतली राख ओढू लागली.

"सांग की. ठावं हुतं?"

"पैसे देऊन झाले हुते तवर," पोर म्हणाली. "आन् आबा लई खूश हुते."

मी ओट्यावर जाऊन बसलो.

आज गोजरबाईकडे गेलो. म्हटलं, निम्मे तरी परत मागू. दारात पोचलो तर आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तिने मला पाहिलं आणि पिठाचा हात तसाच वर धरून म्हणाली, "या आबा, तुमच्याच पैशाची ज्वारी हाय. बसा, गरम खाऊन जा." मी म्हणालो, जेवून आलोय. श्रीमंत बरा आहे ना, एवढं विचारून माघारी फिरलो.

ती मागून म्हणाली, "विजूला म्हनावं, चांगला अभ्यास कर."

गुरुवार, १५ जून

मुकादमाकडे विजूचं नाव गेलं. वय सोळा सांगितलं. तेरा पूर्ण आहेत. सोमवारपासून जायचं.

मी काय काय करून पाहिलं: पाटलांकडे गेलो, तर तेच म्हणाले, आमच्याच पोराच्या पुस्तकांसाठी माणूस नगरला धाडलाय, आला की बघू. कानिफनाथाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर येईस्तोवर पोरीचे हात दगडाचे होतील.

शेवटी गाठोडं घेऊन छगनच्या किराणा दुकानात गेलो. पुड्या बांधायला कागद लागतोच त्याला. तो म्हणाला, "पुस्तकाचा कागद लहान पडतो, आबा. चहाच्या पुड्या होतील. साखरेच्या न्हाई होत." तागडीत टाकली. भूगोल, गणित, इतिहास, मराठी. पारडं खाली गेलं. तोलणारा दुसरा आणि समोर उभा मी, हे आयुष्यात पहिल्यांदा.

मराठीचं पुस्तक फाडायच्या आधी म्हणालो, "एक पान काढून घेऊ का?"

"घ्या की. येका पानानं काय वजन उतरतंय?"

आलेल्या पैशांची ज्वारी आणली. चांगुणाने दळायला घेतली. म्हटलं, आज गुरुवार नाही ना धरलास? ती जात्यावर थांबली. म्हणाली, "आबा, तुमी खरंच भोळे, का सोंग घेता?"

मग मला कळलं. सगळे वार कळले.

सोमवार, १९ जून

विजू गेली. पांढरं पोलकं घालून गेली, दुसरं धड नाही म्हणून.

बुधवार, २१ जून

रस्त्याचं काम आता गावापासून हाकेच्या अंतरावर आलं आहे. ओट्यावर बसलं की हातोड्यांचा आवाज येतो. सगळ्यांचा गलका असतो, पण त्यात एक हातोडी वेगळी कळते. एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. लगागा लगागा.

मीच शिकवलं होतं, तालात केलं की काम हलकं होतं.

कानात बोटं घातली. तरी ऐकू येतं.

संध्याकाळी ती तळहात लपवून जेवत होती. मी काही विचारू नये म्हणून आपणच बोलत राहिली. तिथे एक म्हातारी आहे, तिला विजूची कविता आवडली. रोज म्हणायला लावते. "ती म्हणती, झाडाला बी आपल्यासारखंच हाय की, ऊन त्याला, सावली दुसऱ्याला." जेवण झाल्यावर तिने माझ्या हातची सिमेंटच्या कागदाची एक वही काढली आणि कोऱ्या पानावरून हात फिरवून पुन्हा ठेवून दिली. पानावर तिच्या बोटाचा डाग उमटला.

शनिवार, २४ जून

आज काम दुपारीच सुटलं, मुकादमाला हजेरीचं मस्टर घेऊन नेवाशाला जायचं होतं म्हणून. मी एकुलतं धोतर धुऊन दांडीवर टाकलं होतं आणि पंचा नेसून ओट्यावर बसलो होतो. चांगुणा उंबऱ्यात बसून विजूच्या तळहाताला तेल लावत होती. विजूचे केस खडीच्या भुकटीने पांढरे झालेले. आजी-नात शोभल्या असत्या दोघी, माझी म्हातारी असती तर.

तेवढ्यात वाटेवर कुणी बाई दिसली. डोक्यावर पदर नाही, हातात छत्री. मला वाटलं, दवाखान्याची नर्स असेल, देवी टोचायला आली. जवळ आली तेव्हा मनगटावरचं घड्याळ चमकलं आणि मी पंचा सावरत धडपडत उठलो. सोनईच्या शाळेतली ती बाई! जिने माझ्या पुस्तकांना रद्दी म्हटलं ती. चपला धुळीने भरलेल्या, घाम गळ्यापर्यंत आलेला. सोनईहून पायी आली होती.

"आजोबा, तुम्हीच ना ते? व्हरांड्यात झाडाची कविता म्हणणारे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"नवी पुस्तकं आलीच नाहीत हो. नगरला दोनदा माणूस गेला. दुकानात नाहीत, कधी येतील कुणी सांगत नाही. पोरं समोर बसतात आणि माझ्या हातात काही नाही. म्हटलं, तुमची ती जुनी पुस्तकं आहेत, मराठीचं तरी फळ्यावर लिहून देता येईल. देता का मला महिनाभर?"

मी आत गेलो. देव्हाऱ्यातून ते एक पान आणून तिच्या हातात दिलं.

"आणि बाकीचं?"

"छगनच्या दुकानात. चहाच्या पुड्यांत गेलं असेल. तुम्ही रद्दी म्हणालात, बाई."

तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिची नजर विजूच्या केसांवर गेली, तिथून तळहातावर, तिथून उंबऱ्यात पडलेल्या लहान हातोडीवर. विजूने हात मागे घेतला.

"विजयमाला, रोज तुझं नाव घेते मी हजेरीत."

विजूने आईकडे पाहिलं. चांगुणा जागची हलली नाही. म्हणाली, "तिच्याकडं पुस्तकं न्हाईत, बाई. शेळी इकून बी झाली न्हाईत. बिनपुस्तकाची पोरगी कशी बसवू तुमच्या वर्गात?"

"अहो, कुणाकडंच नाहीत."

चांगुणाचा तेलाचा हात थांबला.

"कुणाकडंच? पाटलाच्या पोराकडं बी न्हाईत?"

"त्याच्याकडंही नाहीत. वह्याही बाजारात नाहीत, त्याच्याकडं तर एकही नाही अजून. पाठकोऱ्या कागदावर लिहितोय."

चांगुणा उठली. तिने बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पंच्यातल्या माझ्या काड्यांसारख्या पायांकडे, आणि दांडीवरच्या एकुलत्या धोतराकडे. आणि महिन्याभरात प्रथमच ती हसली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, खांदे हलेस्तोवर.

"पाटलाच्या पोराकडं बी न्हाईत," ती म्हणाली. वाकून तिने ती लहान हातोडी उचलली आणि बाईंना वाट करून दिली. "विजे, उठ. बाईंना आत घे. आन् आबानं शिवल्याल्या त्या वह्या काढ."